इतर नावांचा रकाना

तेजोमेघांची यादी केली असं सांगितलं की लोकांना वाटतं, ही बाई रात्ररात्र गच्चीवर दुर्बिणीला डोळा लावून बसत असेल. कसलं काय! माझं सगळं आभाळ मी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या वेळात पाहिलं, तेही कागदावर, आणि तेही पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. खाली पट्टा सुरू झाला की वरची फरशी थरथरायची आणि पेन्सिलीची रेघ हलायची. म्हणून रेघा मारायचं काम गिऱ्हाईक नसताना करायचं आणि आकडे लिहायचं काम दळण चालू असताना. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं आणि साध्यासाध्या गोष्टी सांगायच्या राहून जातात. इतकी वर्षं झाली, पन्नाशी उलटली, तरी फिरतं. फिरू दे.

आम्ही वडूजचे. आबा तोफखान्यात होते, पण तोफ डागणाऱ्यांत नव्हे, जमीन मोजणाऱ्यांत. निवृत्त होऊन आले ते हातात टेप आणि डोक्यात नकाशा घेऊनच. गावात कुणाची बांधावरून भांडणं लागली की आबांना बोलावणं यायचं. मला बी.एस्सी.ला सांगलीला घातलं ते आत्याच्या भरवशावर. आबांची ही धाकटी बहीण विश्रामबागेत गिरणी चालवायची. तिचे मालक एसटीत कंडक्टर, ते दिवसभर रस्त्यावर. गिरणी, घर आणि भांडणं हे सगळं आत्याच्या खात्यावर. घरात सगळ्यावर पिठाचा एक हात असायचा, माझ्या पुस्तकांवर, आत्याच्या भुवयांवर, देवावरसुद्धा. नुकत्या दळलेल्या ऊन पिठाची ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याच्या कुटाचा झणझणीत म्हाद्या, एवढ्यावर मी तीन वर्षं काढली. आजही भाकरी थापताना पीठ गार लागलं की मला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

आत्याचा गिरणीत एकच कायदा होता. नावाशिवाय डबा खाली ठेवून घ्यायचा नाही. पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव लिहून डब्याला लावा, मगच रांगेत. ओळखीचा असो, रोजचा असो, नाव पाहिजे. एखादी बाई म्हणायची, "आवं मावशी, मी काय आज नवीन आले व्हय?" आत्याचं ठरलेलं उत्तर, "तू नवीन न्हाईस गं, पर डबं समदं सारखंच. पीठ झाल्यावर कुणाचं कुणाचं म्हणून मी काय वास घेत बसू?" मला तेव्हा हे ऐकून हसू यायचं.

बर्वे सर आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर राहायचे. कॉलेजातून निवृत्त झालेले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, गोरेपान, मऊ बोलणारे. त्यांनी एक प्रोग्रॅम करायला घेतला होता, 'आकाशपट'. संगणकावर तारीख आणि गाव घातलं की त्या दिवशी तिथून दिसणारं आभाळ पडद्यावर यायचं, सगळी नावं मराठीत. आज पोराटोरांच्या फोनमध्ये हे असतं, पण तेव्हा सांगलीत ते नवल होतं. सरांचा भाचा प्रोग्रॅम लिहायचा. तारे झाले, ग्रह झाले, अडलं ते तेजोमेघांपाशी. तेजोमेघ म्हणजे वायूचे अफाट ढग. त्यातले काही शेजारच्या ताऱ्याचा नुसता उजेड परतवतात, पण काही ढग ताऱ्याच्या तापानं स्वतःच पेटल्यासारखे लाल उजळतात. हे जे स्वतः उजळणारे, त्यांची यादी सरांना हवी होती. "शालन, चिकाटीचं काम आहे," सर म्हणाले, "आणि तुझं अक्षर छान आहे." अक्षर! पण मी हुरळले, हे खोटं कशाला सांगू?

वाटलं होतं, जुन्या याद्या घ्यायच्या आणि उतरवून काढायच्या. चार याद्या समोर ठेवल्या आणि पहिल्याच आठवड्यात घाम फुटला. ज्यानं त्यानं आपापले क्रमांक दिलेले. एकच ढग या यादीत एका नावानं, त्या यादीत दुसऱ्या नावानं, जागाही थोडी इकडे तिकडे, म्हणजे सरळ उतरवलं असतं तर एका ढगाचे चार ढग झाले असते. कुणी ढगाचा मध्य म्हणून त्यातला सगळ्यात चकचकीत ठिपका धरलेला, तो तर कडेला. मी रडकुंडीला आले. दिवाळीला वडूजला गेले तेव्हा आबांनी माझ्याकडच्या तेजोमेघांच्या फोटोंच्या प्रती पाहिल्या, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "रानाचा मध्य म्हंजी विहीर न्हवं, पोरी. विहीर कोपऱ्यात बी आसंल. आदी बांदावरनं फिर, मग मध्य काढ." मग त्यांनी शिकवलं. फोटोवर ट्रेसिंग कागद ठेवायचा, ढगाची कड पेन्सिलीनं गिरवायची, खाली चौकटीचा कागद घालून घरं मोजायची, अर्धी घरं वेगळी, आणि चारी बाजूंना घरं सारखी पडतील तिथं मध्य धरायचा. वाकड्यातिकड्या रानाचं क्षेत्र काढायची ही आमच्या घरची रीत, ती मी आभाळाला लावली. पुस्तकात शिकवतात ती रीत याहून ऐटदार असेल, पण माझी चुकली नाही.

प्रत्येक ढगाला एक ओळ. मुख्य नाव, जागा, लांबी, रुंदी, कल, उजेड, आणि शेवटी मी हट्टानं घातलेला एक रकाना: इतर नावे. सरांना तो नको होता. म्हणाले, पडदा भरून जातो, लोकांच्या तोंडी असलेलं गोड नाव तेवढं ठेवू. मी म्हटलं, सर, उद्या कुणी जुन्या नावानं शोधलं तर? त्याला वाटेल हा ढग नाहीच. आठ दिवस वाद घातला. शेवटी यादीच्या डोक्यावर मी माझ्या हातानं नियम लिहिला: 'ज्या नावाने प्रथम नोंद झाली, ते मुख्य नाव. नंतरची सर्व नावे इतर नावांत. कोणतेही नाव गाळू नये.' सर हसले आणि म्हणाले, बरं बाई, तुझा नियम. हा नियम लक्षात ठेवा, मी विसरले नाही.

दोन वर्षं लागली. तीनशे सात तेजोमेघ, आणि शेवटच्या कागदाखाली माझं पूर्ण नाव. एकेकाची कड या बोटांनी गिरवली आहे. हंसातला, मृगातला, धनूतला, कुठल्या ढगाला कुठं खाच आहे हे मला आमच्या गल्लीपेक्षा जास्त ठाऊक होतं. याच काळात माझं लग्नही ठरलं. कडेगावचं स्थळ, उसाचं रान, मुलगा सैन्यात कारकून, स्वभावानं गरीब. मला वाईट वाटायचं कारण नव्हतं. यादी लग्नाआधी पुरी करायची, एवढाच ध्यास होता. त्या यादीखाली माझं नाव छापून येणार, ते मी आबांना दाखवणार. आबाच म्हणायचे, नकाशाच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव असतंच, उद्या चुकला तर कुणाला धरायचं?

'आकाशपट'च्या सीडीचं प्रकाशन सांगलीतल्या एका शाळेच्या सभागृहात झालं. आबा वडूजहून आले, फेटा बांधून. आत्यानं त्या दिवशी गिरणी बंद ठेवली. अशी ती सुतकातसुद्धा ठेवायची नाही. पडद्यावर आभाळ आलं, माझे ढग लाल लाल उमटले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आली आभारांची पाटी. सरांचं नाव. भाच्याचं नाव. वेष्टनावरचं चित्र काढणाऱ्याचं नाव. संगणक भाड्यानं देणाऱ्या दुकानाचं नाव. 'वेळोवेळी चहा देणाऱ्या' सरांच्या सौभाग्यवतींचं नाव. आणि खाली एक ओळ: 'तेजोमेघांची माहिती: संकलित.'

संकलित! म्हणजे आपोआप गोळा झालेली. म्हणजे दोन वर्षं ती यादी गिरणीच्या माडीवर आपली आपण वाढत होती, बुरशीसारखी. चहाला नाव आहे आणि तीनशे सात ढगांना नाही! आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुजं कुटं हाय गं?" मी म्हटलं, "पुढं असेल." पुढं काही नव्हतं. पुढं चिवडा आणि पेढा होता.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या दारात उभी.

"सर, माझं नाव राहिलं."

"राहिलं नाही गं. मीच मुद्दाम काढलं." सर प्रेमानं म्हणाले, हेच तर! प्रेमानं म्हणाले. "बस. रागावू नकोस. अगं, तुझं लग्न महिन्यावर आलंय. नाव बदलणार, आडनाव बदलणार. सीडी तर वर्षानुवर्षं राहणार. आत्ताचं नाव घातलं तर उद्या लोक विचारतील, ही कोण? नवीन घालावं तर ते अजून ठरलेलं नाही. शिवाय तुझ्या सासरच्यांना काय वाटेल, तेही बघायला हवं. म्हटलं, त्यापेक्षा नकोच."

मला क्षणभर कळेचना, हा माणूस थट्टा करतोय का. मी म्हटलं, "सर, मृगातल्या तेजोमेघाला आपल्या यादीत चार नावं आहेत. चार नावं आहेत म्हणून आपण तो गाळला का?"

सर खूश झाले. खरंच खूश झाले! "वा! हुशार आहेस," म्हणाले, आणि आत आवाज दिला, "अगं, शालनला चहा टाक." नावाजलेला तो चहा मी तसाच टाकून आले.

मला वाटलं, घरी तरी कुणी पेटून उठेल. आबा अजून आत्याकडंच होते. ऐकून घेतलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सरांचं काय चुकलं म्हणतीस? शाना माणूस हाय. सासरचा इचार केला त्यांनी." नकाशाच्या कोपऱ्यातल्या नावाचा धडा देणारे आबा! मी म्हटलं, "आबा, तुमच्या नकाशावरचं नाव निवृत्तीनंतर पुसलं का कुणी?" आबा म्हणाले, "माजी गोस्ट येगळी." वेगळी कशी, ते काही त्यांनी सांगितलं नाही, आणि आता विचारायला ते नाहीत. आबांवर माझा जीव होता. म्हणूनच ते वाक्य सरांच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

आत्या भाकरी थापत होती. ती एक शब्द बोलली नाही. तिचं न बोलणं चांगलं नसतं, हे मला माहीत असायला हवं होतं.

रविवारी सर स्कूटरवरून दळणाचा डबा घेऊन आले. दर रविवारी यायचे. डब्यावर पट्टी, पट्टीवर सुबक अक्षरात 'बर्वे'. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर होते, गिरणीत सातआठ बाया. आत्यानं डबा घेतला, नखानं पट्टीचं टोक उचललं आणि सर्रकन सोलून काढली, गोळा करून कोपऱ्यात टाकली. मग तो डबा इतर डब्यांमध्ये ठेवला, दोनचार इकडचे तिकडे केले आणि हात झाडले.

"अहो बाई, हे काय?" सर म्हणाले.

"काय न्हाई. म्हटलं, पट्टी उद्या जुनी हुईल, निघंल, मग नवी लावाय लागंल. त्यापरीस नकोच."

"पण माझा डबा कुठला ते कसं कळणार?"

"कशाला कळाय पायजे? पीठ मिळाल्याशी मतलब."

"अहो, पण गहू माझा आहे! मी स्वतः निवडलाय, दोन दिवस बसून!"

"व्हय?" आत्यानं पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "दोन दीस? माज्या पोरीनं दोन वर्सं निवडलंय, सर. माडीवर. ह्या डोळ्यांनी बगितलंय मी. तुमचं दळण आता संकलित हाय, घ्या हुडकून."

बाया फिस्सकन हसल्या. त्यांना यादीचं काही ठाऊक नव्हतं, पण भांडण कशाचं आहे ते बरोबर कळलं होतं. सरांचे कान लाल झाले. त्यांनी दोन डबे उघडून पाहिले, दोन्हींत गहूच. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरं. पुढच्या आवृत्तीत नाव घालतो." आत्यानं लगेच त्यांचा डबा काढला, तिला तो कुठं आहे ते माहीतच होतं, आणि दळून दिला. बारीक, नेहमीसारखा. रागापायी दळण जाड काढणाऱ्यातली ती नव्हती.

मी जिन्यावर बसून हसले आणि रडले. वाटलं, जिंकलो.

आणि आता जे सांगायचं आहे त्याचा राग सरांवर नाही, आबांवर नाही, माझ्यावर आहे. लग्न वडूजला लागलं. नंतर तांदळाचं ताट आलं. नवऱ्या मुलानं अंगठीनं त्यात नवरीचं नवं नाव लिहायचं, आमच्याकडं रीत आहे. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "हिला चांदन्यांचं लय याड हाय म्हनं. म्हनून नक्षत्राचंच नाव काडलंय." आणि यांनी लिहिलं: अनुराधा. सगळ्यांना आवडलं. नाव वाईट नाहीच. पण ते पुसून दुसरं काही लिहायला, निदान 'मला विचारा तरी' एवढं म्हणायला, माझं तोंड कुणी दाबलं होतं? सरांपुढं मृगाचा दाखला देणारी मी ताटापुढं मुकी झाले. आत्या समोरच उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी मान खाली घातली. नंतर तिनं माझ्या तोंडात साखर घातली आणि कानाशी म्हणाली, "माज्यासाटी तू शालनच."

सात महिन्यांनी कडेगावला पोस्टानं पाकीट आलं. 'आकाशपट', दुसरी आवृत्ती. सरांनी शब्द पाळला होता. लग्नपत्रिका बघून, चौकशी करून, अगदी काळजीपूर्वक पाळला होता: 'तेजोमेघांची यादी: सौ. अनुराधा यादव, कडेगाव.' सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. मी ते पाकीट हातात घेऊन उभी. ही कोण अनुराधा यादव? तिनं एका ढगाचीही कड गिरवली नव्हती. यादी पुरी झाली तेव्हा ती या जगात नव्हती! तक्रार तरी काय करू? घरच्यांनी म्हटलं असतं, अगं, तूच की ती. बरोबरच होतं. म्हणून तर बोलता येईना. हे तेव्हा सुट्टीवर आले होते, यांनी मात्र रात्री जेवताना विचारलं, "तुला आवडलं न्हाई का?" मी म्हटलं, "भाजीत मीठ कमी आहे का बघा." तो विषय तिथं संपला, म्हणजे मी संपवला.

सर गेले, आत्याची गिरणी गेली, सीडी कुणी वापरेना. यादी मात्र गेली नाही. सरांच्या भाच्यानं ती इंटरनेटवर खुली करून ठेवली होती, तिथून एकानं उचलली, त्याच्याकडून दुसऱ्यानं, आणि परवा माझी लेक ऋतुजा पुण्याहून आली ती फोन नाचवतच. जगभर लोक वापरतात असला आकाशनकाशाचा एक फुकट प्रोग्रॅम, त्याच्या पोटात माहितीच्या उगमांची यादी, आणि त्यात एक ओळ. "आई, हे बघ! तुझं नाव!"

चष्मा लावून पाहिलं. 'तेजोमेघ: ए. यादव.'

आता तर बाईसुद्धा उरली नव्हती, नुसता ए! मी खाली सरकवत यादी पाहिली. हंसातला, मृगातला, धनूतला. माझी लांबी, माझी रुंदी, माझा कल, आणि शेवटचा रकानाही, इतर नावे, जसाच्या तसा. डोक्यावर माझा नियमही होता, कुणीतरी इंग्रजीत करून ठेवलेला. मृगातल्या ढगाची चारही नावं सुखरूप होती. मी लेकीला म्हटलं, "लिही यांना. आत्ता लिही." ती म्हणाली, "आई, एवढ्यासाठी?" मी तिच्याकडं असं पाहिलं की ती मुकाट्यानं लिहायला बसली. माझं हे पाहणं आत्याकडून आलेलं आहे.

आठवड्यानं उत्तर आलं. प्रोग्रॅम सांभाळणारा कुणी परदेशी पोरगा, फार अदबीनं लिहिलं होतं. नाव दुरुस्त करायला आनंदच आहे. पण आमच्याकडे एक नाव आहे, तुम्ही दुसरं कळवता. दोन्ही तुमचीच असतील तर मुख्य कुठलं धरायचं आणि कुठल्या आधारानं, तेवढं सांगा.

इतक्या वर्षांत मला हे विचारणारा हा पहिला माणूस. ऋतुजा म्हणाली, काय लिहू? मी म्हटलं, सरक, मी लिहिते. एका बोटानं टाइप करायला मला अर्धा तास लागला. आधार म्हणून यादीच्या डोक्यावरचा नियम लिहिला, आणि त्याखाली:

मुख्य नाव: शालन शामराव घाडगे, वडूज.
इतर नावे: सौ. अनुराधा यादव, ए. यादव, संकलित.